बहिणीची भरती आणि माझी गेटवरची ड्युटी

ड्युटीचा तक्ता लागला आणि मी त्यात माझं नाव शोधलं. गोळाफेक, मैदान क्रमांक दोन, टेप. मी नांदेडला पोलिसात आहे, नोकरीला नऊ वर्षं झाली होती, पण भरतीच्या ग्राउंडवर अशी मानाची ड्युटी पहिल्यांदाच मिळाली होती. मी तिथल्या तिथं माझ्या धाकट्या बहिणीला फोन लावला आणि अक्षरशः ओरडले, "अगं, मी गोळ्यावर आहे! टेप माझ्या हातात आहे!"

ती लातूरला होती, अकॅडमीच्या होस्टेलवर. ती पण ओरडली. मग तिच्या खोलीतल्या चार-पाच मुली काहीही माहीत नसताना ओरडल्या. आपल्या आनंदात काही चुकतंय हे त्या क्षणी दोघींच्याही डोक्यात आलं नाही, हे मी खरं सांगते.

ती माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. औशाला बाजारात आमच्या अप्पांचं दोरखंडाचं दुकान आहे. कासरे, दावी, नाडे, झुलीवरच्या घुंगरमाळा असं सगळं. दुकानातल्या सुतळीच्या गुंडाळ्यांवर ती चालायला शिकली आणि मी शाळेतून आले की तिला कडेवर घेऊन गिऱ्हाईक बघायचे. मी पोलिसात लागले तेव्हा ती माझी टोपी घालून गल्लीभर फिरली होती. बारावी झाली आणि तिनं सांगून टाकलं की मला पण हेच व्हायचंय. दोन वर्षं लातूरला राहून तिनं मेहनत केली. पहाटे चारला उठायचं, पळायचं, मग अभ्यास. पळण्यात ती पहिल्यापासून वाऱ्यासारखी. गोळ्यात मात्र कच्ची. हात काडीसारखे. चार किलोचा गोळा मानेजवळ धरला की गोळाच तिला धरून उभा आहे असं वाटायचं.

अर्ज एकाच जिल्ह्यात भरता येतो. तिनं नांदेड भरलं ते माझ्यामुळं. "अक्का, तू तिथं असलीस की माझे पाय न्हाई लटपटायचे," असं म्हणाली होती. आता तर मी नुसती तिथं नव्हते, नेमक्या गोळ्यावर होते. तासाभरात निलंग्याहून मामाचा फोन आला. त्यांना कुणी सांगितलं कुणास ठाऊक.

"आगं, तू हायस म्हनं गोळ्यावर? मग काय, पोरीचं काम झालंच की!"

मी हसले. पण फोन ठेवल्यावर ते 'झालंच की' माझ्या कानात राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांना एकेक छापील कागद वाटला. भरतीच्या कामावर असलेल्या प्रत्येकानं भरून द्यायचा होता. 'या भरतीत माझा कोणी जवळचा नातेवाईक, मित्र अथवा हितसंबंध असलेली व्यक्ती उमेदवार नाही.' खाली सही, नाव, बक्कल नंबर. कुणीतरी मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून सही करत होतं, कुणी भिंतीवर. एकच पेन पंधरा जणांत फिरत होतं. ते माझ्याकडं आलं आणि माझ्याकडंच राहिलं.

माझ्याबरोबर गोळ्यावर एक हवालदार काका होते. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, मिशा पांढऱ्या, आवाज मोठा. टेपचं एक टोक माझ्याकडं आणि दुसरं त्यांच्याकडं असणार होतं.

"काय वाचून राहिलीस एवढं? सही ठोक आन् पेन दे."

"काका, माझी बहीण हाय भरतीला."

त्यांनी आजूबाजूला बघितलं, मला बाजूला घेतलं. "सख्खी?"

"सख्खी."

"आडनाव?"

"माहेरचं. तिचं लग्न न्हाई झालं."

"मग? तुझं सासरचं आडनाव. कागदावर तुमी दोघी कुठंच जुळत न्हाईत. कोन बघायलंय?" आणि मग आवाज उतरवून म्हणाले, "लिहून दिलंस तर उगी नजरंत येशील, बाई. उद्या ती पोरगी तिच्या जिवावर जरी लागली तरी लोक म्हनतील, हिची बहीण हाय, काहीतरी असंल. तुझ्याच चांगल्यासाठी सांगलालोय."

काका वाईट नव्हते. ते खरंच माझ्या काळजीनं बोलत होते. मी पेन त्यांना दिलं आणि कागद घडी घालून खिशात ठेवला.

त्या संध्याकाळी भाकरी थापता थापता मी अप्पांना आठवत होते. अप्पा दोर हातानं मोजायचे. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक हात, दोन हात, तीन हात. शेवटच्या हाताला ओळखीचं गिऱ्हाईक असलं की दोर सुटताना चार बोटं जास्त सुटायचा. ते मुद्दाम करायचे नाहीत. विचारलं असतं तर शपथेवर म्हणाले असते की सगळ्यांना सारखंच मोजतो. पण मी लहानपणापासून समोर बसून बघत आले होते. ओळखीच्या माणसासमोर हात ढिला पडायचाच.

आणि मी त्यांचीच मुलगी होते. टेप किती ताणायचा, गोळा पडल्यावर मातीतल्या खड्ड्याची कुठली कड धरायची, पाय रेषेला लागला की नाही लागला, हे सगळं नजरेचं आणि बोटांचं काम. लबाडी मी केली नसती. पण माझ्या बोटांची मला खात्री वाटेना. मग उलटाच विचार आला आणि जास्त भीती वाटली. मी प्रामाणिक आहे हे स्वतःला पटवायला तिच्याच वेळी टेप जास्त ताणला तर? दुसऱ्या कुठल्या मुलीचा पाय रेषेला हलका लागला असता तर मी कदाचित सोडून दिला असता, तिचा मात्र पकडला असता तर? दोन्हीकडून तिचं नाहीतर दुसऱ्या कुणाचं नुकसान. भाकरी तव्यावर करपली.

जेवण झाल्यावर मी कागद काढला आणि त्याच्या पाठीमागं हातानं लिहिलं. माझी सख्खी धाकटी बहीण उमेदवार आहे. मग थांबले. आणखी एक गोष्ट होती, ती मी स्वतःपासूनच लपवत होते. तिची अकॅडमी तीच माझी अकॅडमी. तिथल्या सरांच्या हाताखाली मी शिकलेय. सुट्टीवर गेले असताना दोनदा तिथल्या मुलींना गोळा कसा टाकायचा ते दाखवायला गेलेय. त्यातल्या वीसेक जणी याच भरतीला येणार होत्या आणि त्या सगळ्या मला अक्काच म्हणायच्या. तेही लिहिलं. लिहून झाल्यावर कागद वाचला, तर त्या छापील ओळीतला एकही शब्द माझ्यासाठी खरा उरला नव्हता.

सकाळी मी मॅडमकडं गेले. ग्राउंडची सगळी जबाबदारी असलेल्या उपअधीक्षक, वयानं माझ्याएवढ्याच, बाहेरच्या जिल्ह्यातल्या. त्यांनी कागद उलटला आणि मान वर केली.

"बहिणीचं समजलं. हे अकॅडमीचं का लिहिलं? सर काही नातेवाईक नाहीत तुझे."

"मॅडम, त्या मुलींना मी शिकवलंय. त्या मला बघून हसतील. मी पण हसेन. बाजूच्या मुलीला ते दिसंल."

मॅडमनी कागद पुन्हा वाचला. मला वाटलं, आता रागावणार. पण त्या म्हणाल्या, "मला वाटलं होतं की तुझ्या बहिणीच्या दिवसापुरती तुला बदलू. हे वाचल्यावर तसं चालणार नाही. पूर्ण भरतीभर तू गोळ्यावर नकोस. आतच नकोस."

"हो मॅडम."

"बाहेरचं गेट. रस्त्याकडचं. वाहनं आणि पालक. ड्युटीवर असताना मोबाईल जमा. आणि एक," त्यांनी बोट वर केलं, "तिचं ग्राउंड होईपर्यंत तिच्याशी भरतीबद्दल बोलायचं नाही. तू कुठं आहेस हेसुद्धा नाही."

"पण मॅडम, मी तिला आधीच सांगून बसलेय की मी गोळ्यावर आहे."

"मग तिला तसंच वाटू दे. पुन्हा फोन करून काही सांगायला गेलीस की बोलणं सुरू होतं, आणि सुरू झालं की कुठं थांबेल ते तुला आणि मला दोघींना माहीत नाही."

मी सॅल्यूट केला आणि बाहेर आले. जिन्यावरून उतरताना पाय इतके हलके झाले होते की दोन-दोन पायऱ्या एकदम उतरले. मानाची ड्युटी गेली होती, उन्हात रस्त्यावर उभं राहायचं होतं आणि तरी मला आनंद आवरेना. कोपऱ्यावरच्या गाड्यावर जाऊन मी मुरमुऱ्यांची सुशीला खाल्ली. वर लिंबू पिळून, दोन प्लेट.

तिचा ग्राउंडचा दिवस उजाडला. उमेदवार मागच्या गेटनं अंधारातच आत गेले होते. मी पुढच्या गेटवर, रस्त्याकडं तोंड करून. उजाडता उजाडता पालक जमायला लागले. धर्माबादहून आलेले, हदगावहून आलेले. कुणाच्या हातात डबा, कुणाच्या हातात मुलीच्या चपला, कारण मुली आत जाताना बूट घालून गेलेल्या. त्यात एक ओळखीचं धोतर दिसलं. अप्पा.

ते थेट माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "तू हितं? आत न्हाईस?"

"न्हाई अप्पा. माझी ड्युटी हितं हाय."

"आन् गोळा?"

"गोळ्यावर दुसरे हायत."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, गेटकडं बघितलं. "तिला ठावं हाय?"

"न्हाई."

अप्पांनी डोक्यावरची टोपी सारखी केली आणि पालकांत जाऊन बसले. त्यांना राग आला होता की काळजी वाटत होती हे मला कळेना, आणि गेटवरून हलून विचारायलाही जाता येईना.

ग्राउंडची कंपाउंडची भिंत उंच होती. पण रस्त्याच्या कडेला एका पालकानं आपला छोटा टेम्पो लावला होता, मुलगी आणि तिच्या मैत्रिणींना घेऊन आलेला. त्याच्या हौद्यात उभं राहिलं की भिंतीवरून धावपट्टीचं पलीकडचं वळण दिसतं, हा शोध कुणालातरी लागला. मी दोन मोटारसायकली हलवून वळते तर टेम्पोत आठ-दहा माणसं, आणि त्यात अप्पा. पासष्टी पार केलेला माणूस, धोतर खोचून, टपाला धरून उभा.

रस्त्यावर वाहन थांबू द्यायचं नाही, ही माझी ड्युटी. मी टेम्पोजवळ गेले. "गाडी काढा इथून. चला, खाली उतरा सगळे."

टेम्पोवाला हात जोडून म्हणाला, "मॅडम, माझ्या पोरीचा नंबर हाय आता. आठशेचा. तीन मिनिटं. फकस्त तीन मिनिटं."

तेवढ्यात आतून स्पीकरवर पुढच्या तुकडीचे नंबर पुकारले. त्यात माझ्या बहिणीचा नंबर होता. तो मला पाठ होता, कारण अप्पांनी तो सकाळपासून तळहातावर पेनानं लिहून ठेवला होता आणि माझ्याशी बोलताना तो तळहात माझ्यासमोरच होता.

मी गाडी काढायला लावली नाही. ती तीन मिनिटं माझी ड्युटी ढिली पडली, हे मी इथं कबूल करते. मी फक्त टेम्पोकडं पाठ केली आणि मागून येणाऱ्या वाहनांना हातानं बाजूनं काढून देत राहिले. वळून मात्र बघितलं नाही. बघितलं असतं तरी मला भिंतच दिसली असती.

शिट्टी वाजली. टेम्पोत एकच गलका.

"सुटल्या, सुटल्या!"

"अप्पा, दिसलालीय का?" मी रस्त्याकडं बघतच ओरडले. पुढून जाणारा सायकलवाला दचकला.

"दिसली! निळा टीशर्ट! पुढं हाय, पुढं हाय!"

आठशे मीटर म्हणजे दोन फेऱ्या. वळणावर मुली पंधरा-वीस सेकंद दिसायच्या आणि मग भिंतीआड जायच्या. त्या दिसेनाशा झाल्या की टेम्पो एकदम गप्प. मी एका उसाच्या ट्रॅक्टरला हात दाखवत होते. ट्रॅक्टरवाल्याला वाटलं मी त्याला थांबवतेय, तो थांबला. मागं रांग लागली. मी त्याला जा म्हणून खुणावतेय, तो उतरून कागद काढतोय.

"आल्या!" अप्पांचा आवाज. "आली, आपली आली! दुसरी हाय! न्हाई, तिसरी! आगं, काय झालं हिला? माघं पडलालीय! सगळ्या पुढं चालल्या!"

"अप्पा, नीट बघा!"

"बघलालोय की! मागं पडली, बाई… पडली! आगं पडली ती! गुडघ्यावर पडली!"

टेम्पोतल्या सगळ्यांनी एकदम 'अरेरे' केलं. माझ्या हातातली शिट्टी तोंडापर्यंत गेली आणि तिथंच राहिली. ट्रॅक्टरवाला त्याचा कागद माझ्या पुढं धरून उभा होता, आणि मला त्यावरचं एक अक्षर दिसेना. पळण्यात ती पडली? गोळ्यात नाही, पळण्यात? दोन वर्षांत ती पळताना एकदाही पडली नव्हती. मागं वळून भिंत फोडून आत जावं असं वाटलं.

"उठली," अप्पा म्हणाले, आता हळू आवाजात. "उठली. पळायलीय. सगळ्यात शेवटी हाय."

मग ते खाली उतरले आणि टेम्पोच्या चाकाला टेकून बसले. मी टेम्पो काढायला लावला. टेम्पोवाला खुशीत होता, त्याची मुलगी चांगली पळाली होती, त्यानं मला तीनदा नमस्कार केला. ट्रॅक्टरवाल्यालाही मी वाटेला लावलं. अप्पांना पाणी दिलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही.

दीडेक तासानं एक मुलगी बाहेर आली. निळा टीशर्ट, दोन्ही गुडघे फुटलेले, डोळे लाल. अप्पा धडपडत उठले आणि अर्ध्यात थांबले.

ती माझी बहीण नव्हती.

अप्पा माझ्याकडं बघायला लागले. त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं. "आगं… मी ह्याच पोरीला बघलालो होतो व्हय?"

मला हसू येत होतं आणि त्या मुलीसमोर हसायचंही नव्हतं. तिला मी बाकावर बसवलं, गुडघ्यांवर पाणी ओतलं. तिचे वडील आले, तिच्या डोक्यावर हात ठेवून घेऊन गेले. आणि त्यांच्या पाठोपाठ माझी बहीण आली. तिनं पांढरा टीशर्ट घातला होता. अप्पांनी पहाटे तिला मागच्या गेटवर सोडताना निळ्या जर्किनमध्ये बघितलं होतं, बस्स, तेवढ्यावर ते निळ्या टीशर्टमागं लागले होते.

"आठशेत पहिली आले," ती अप्पांना म्हणाली. "माझ्या तुकडीत पहिली."

अप्पांनी तिला तिथंच मिठी मारली. साठ-सत्तर लोकांच्या देखत. आमच्या घरात कुणी असं मिठी मारत नाही. मी दोन पावलं पुढं झाले. तिनं अप्पांच्या खांद्यावरून माझ्याकडं बघितलं.

"हितं उभी होतीस व्हय," ती म्हणाली. एवढंच. आणि अप्पांचा हात धरून निघून गेली.

त्या संध्याकाळी मी मॅडमकडं जाऊन टेम्पोचंही सांगितलं. तीन मिनिटं उभा राहू दिला, वडील त्यात होते. मॅडमनी कपाळाला हात लावला. "तू मला रोज एक कागद देणार आहेस का?" असं विचारलं आणि मग त्यांनाही हसू आवरलं नाही.

ग्राउंड झालं होतं, आता बोलायला हरकत नव्हती. मी बहिणीला फोन केला. उचलला नाही. दुसऱ्या दिवशी केला, नाही. आईला केला, तर आई म्हणाली, "लई रागात हाय बघ. म्हनती, अक्कानं फसवलं." आईला मी सगळं समजावून सांगितलं. आईनं ऐकलं आणि म्हणाली, "मला कळतंय गं. पन तिचा राग गेल्याबिगर तिला कोन सांगनार?" पंधरा दिवस असेच गेले. मी ड्युटी करत होते, जेवत होते, आणि फोन वाजला की पळत होते.

मग मैदानी परीक्षेचे मार्क लागले. माझ्या बहिणीला आठशेत पूर्ण, शंभर मीटरला एक मार्क कमी, आणि गोळ्यात पूर्ण. गोळ्यात पूर्ण! मी यादी चार वेळा वाचली. हे कसं झालं ते विचारायला तिच्याशिवाय कुणी नव्हतं आणि ती बोलत नव्हती.

आठवड्याभरात तक्रार आली. एका उमेदवाराच्या घरच्यांनी लिहून दिलं होतं की अमुक नंबरच्या मुलीची सख्खी बहीण पोलिसात आहे, ती गोळ्यावर होती, म्हणूनच पूर्ण मार्क मिळाले. काकांनी सांगितलेलं तेच झालं होतं. पण ते लिहून दिल्यामुळं झालं नव्हतं. आपोआप झालं होतं. बहीण पोलिसात आहे हे काही लपणारं नव्हतं. मामा आणि होस्टेलची खोली मिळून तेवढी बातमी कुठंही पोचवू शकत होते. गोळ्यावर असल्याची बातमी तर मीच पसरवली होती.

मला बोलावणं आलं. मॅडमच्या टेबलावर फाईल होती. त्यात माझा कागद, वर त्यांचा शेरा, खाली तारीख. बदललेला ड्युटी तक्ता. गेटवरच्या हजेरीची पानं. गोळ्याच्या मैदानाचं चित्रीकरण त्यांनी आधीच मागवून बघितलं होतं. मला चार प्रश्न विचारले, चारही उत्तरं फाईलमध्ये आधीच होती. दहा मिनिटांत संपलं. मी उठले.

"त्या माणसांचा राग धरू नकोस," मॅडम म्हणाल्या. "ते भिंतीबाहेर उभे होते. आत काय चाललंय ते त्यांना दिसत नव्हतं."

मला टपाला धरून उभे असलेले अप्पा दिसले आणि राग आलाच नाही.

त्याच दिवशी माझ्या बहिणीलाही बोलावून विचारलं होतं, हे मला नंतर कळलं. ती घाबरून आली होती. बहीण पोलिसात आहे का? आहे. गोळ्यावर होती का? तिनं सांगितलं, नव्हती, मी तिला शोधत होते. मग त्यांनी तिला माझा कागद दाखवला.

संध्याकाळी फोन वाजला. मी पळाले.

"अक्का."

"बोल."

"कागद बघितला तुझा."

ती मग म्हणाली, "अक्षर लई घाण हाय तुझं."

आणि आम्ही दोघी हसायला लागलो. हसता हसता ती रडायला लागली, मग मी, मग परत हसलो. आणि मग तिनं गोळ्याचं सगळं सांगितलं. इतकं भरभर की मला मध्ये मध्ये थांबवावं लागत होतं.

"मी आत गेले आन् तुला बघायलेय. दोन नंबरला न्हाईस, एकला न्हाईस. टेपवर एक पांढऱ्या मिशावाले काका. लई खडूस! टेप असा ताणायचे जसं काय तुटायलाच पाहिजे. पहिला गोळा टाकला, जवळच पडला. दुसरा टाकला, पाय रेषेवर गेला, काकांनी लगेच हात वर केला, बाद. आता एकच राहिला. मला एवढा राग आला तुझा, अक्का! म्हनलं, सांगून न्हाई आली. म्हनलं, बघतेच आता. आन् डोळे मिटून टाकला."

"डोळे मिटून?"

"मिटून. उघडले तर काका वाकून बघलालेत. परत एकदा मोजलं. मग वर बघून म्हनले, सहाच्या पुढं हाय. मी म्हनलं, परत मोजा. ते म्हनले, कमी करू का?"

मी इतकी मोठ्यानं हसले की शेजारच्या बाई दारात आल्या. दुसऱ्या दिवशी काकांना विचारलं. ते म्हणाले, "त्या एका दिवसात दोन-अडीचशे पोरी टाकून गेल्या. त्यातली तुझी कोणती ते मला ठावं न्हाई. आन् कुणी सांगितलं न्हाई ते बरंच झालं." मग मिशीवर हात फिरवून, "डोळे मिटून टाकली ती काय?"

लेखी परीक्षा झाली. अंतिम यादी लागली त्या दिवशी मी रजा टाकून औशाला गेले होते. यादी मोबाईलवर उघडायला इतका वेळ लागत होता की अप्पा तीनदा दुकानाबाहेर जाऊन आले. तिचं नाव होतं. आईनं आधी देवापुढं साखर ठेवली आणि मग आमच्या तोंडात.

प्रशिक्षणाला जायच्या आधी मी, ती आणि अप्पा लातूरला गंजगोलाईत पत्र्याची ट्रंक घ्यायला गेलो. काळी घ्यायची की हिरवी यावरून तिचं आणि माझं भांडण झालं, दुकानदारानं कंटाळून दोघींना चहा पाजला. काळी घेतली. पलीकडं एक पेंटर फुटपाथवर बसून ट्रंकांवर नावं काढून देत होता. त्यानं ब्रश पांढऱ्या रंगात बुडवला आणि विचारलं, "काय लिहू?"

अप्पा पुढं झाले. "नाव लिहा. खाली गाव लिहा. आन् वर मोठ्ठं पोलीस लिहा."

"अप्पा, अजून न्हाई झाले मी पोलीस," ती म्हणाली. "ट्रेनिंग व्हायचंय."

"मग काय लिहायचं?"

"नुसतं नाव."

पेंटर दोघांकडं बघत ब्रश धरून बसला होता. रंगाचा एक थेंब झाकणावर पडला. अप्पांनी तो स्वतःच्या धोतराच्या सोग्यानं पुसला, थोडा पसरला, आणि म्हणाले, "नाव लिहा मग. पन मोठं लिहा. लांबून दिसंल एवढं."